महालात एक तारीख हवी

नागपूरच्या महालात रिक्षाने जायचे असेल तर अजूनही टॉकीजचे नाव सांगावे लागते. नरसिंग टॉकीजजवळ, राजविलास टॉकीजच्या मागे, नटराज टॉकीजकडे. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, शिकवणी वर्गांच्या भिंतींवर हेच पत्ते लिहिलेले असतात. कोतवाली, बडकस चौक, केळीबाग रस्ता, गांधी गेट हा सगळा फेरफटका पायी अर्ध्या-पाऊण तासाचा. एवढ्याशा टापूत तीन पडदे होते. लहानपणी या रस्त्यावरून जाताना मोठी माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारत, “आज काय लागलंय?” उत्तर येई ते सिनेमाच्या नावाने. टॉकीजचे नाव आज पत्त्यापुरते उरले आहे आणि तो प्रश्न मात्र महालातल्या रस्त्यावर मला बऱ्याच वर्षांत ऐकू आलेला नाही.

हा लेख त्या टॉकीजच्या आठवणी काढण्यासाठी लिहिलेला नाही. मला एका छोट्या जागेविषयी बोलायचे आहे. शंभर-सव्वाशे खुर्च्या, एक पडदा, पडद्यासमोर दहा-बारा फूट मोकळी जागा आणि महिन्यातली एक ठरलेली तारीख. गल्लीतल्या गटाला परवडेल अशा भाड्यात अशी जागा मिळाली, तर जुन्या नागपुरात काय काय घडू शकेल, याचा विचार मी गेली काही वर्षे करते आहे. त्यासाठी मुंबई-पुण्याची उदाहरणे पाहिली, कायदे वाचले, हिशेब मांडले. ते सगळे इथे मांडते.

कलेने भरलेली आणि सभागृहाला मुकलेली वस्ती

नागपूर शहराची सुरुवात १७०२ साली गोंड राजा बख्तबुलंदशहापासून मानतात. त्याच्यामागून आलेल्या चांदसुलतानाने कोट बांधला, जुम्मा तलाव केला, जुम्मा दरवाजा उभारला. तो दरवाजा म्हणजे आजचे गांधी गेट आणि तो तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, अर्थात गांधीसागर. भोसल्यांच्या काळात राजवाडा, सरदारांचे वाडे, देवळे, बाजार यांनी हा भाग गजबजला आणि राजाच्या महालावरून वस्तीला नाव मिळाले.

इथली चितार ओळी आजही मातीच्या कामासाठी ओळखली जाते. गणपतीच्या दोन महिने आधीपासून तिथे ओल्या मातीचा, तणसाचा आणि रंगाचा वास येतो. तान्ह्या पोळ्याला जुन्या नागपुरातून मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून काढली जाते असे सांगतात. त्यांच्यासोबत बडगे नावाचे जे पुतळे असतात त्यांच्यावर त्या वर्षीच्या महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्याचा समाचार घेतलेला असतो. रस्त्यावरचे एवढे जिवंत नाट्य महाराष्ट्रात फार थोड्या शहरांत असेल. म्हणजे इथे मूर्तिकार आहेत, ढोलपथके आहेत, भजनी मंडळे आहेत, कव्वालीचे जाणकार आहेत, हौशी नट आहेत, मोबाइलवर लघुपट करणारी पोरे आहेत. त्यांना रस्ता मिळतो तो वर्षातून ठरावीक दिवशी. उरलेल्या दिवसांत एकत्र बसायला छप्पर नाही.

मोठी सभागृहे शहरात आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाले. तिथे जवळजवळ दोन हजार माणसे बसतात. मोठ्या नाटकाला, संगीत महोत्सवाला, राज्यस्तरीय सोहळ्याला अशी वास्तू हवीच. पण पाच मुलींनी बसवलेल्या पाऊण तासाच्या एकांकिकेला ऐंशी माणसे येणार असतील, तर दोन हजार खुर्च्यांसमोर त्या मुलींचा आवाज आणि हिंमत दोन्ही हरवतात. घरचा हॉल आणि दोन हजार खुर्च्या यांच्यामधली पायरीच आपल्याकडे नाही.

‘तारीख’ या शब्दाची किंमत

नाटकवाल्यांच्या बोलण्यात ‘तारीख’ या शब्दाला वेगळे वजन असते. तारीख लागली, तारीख सुटली, तारीख गेली. नाट्यगृह मिळणे म्हणजे तारीख मिळणे. नाटक लिहून झाले, पाठ झाले, कपडे शिवले, तरी तारीख हाती येईपर्यंत ते झालेले नसते.

आमचा गट कॉलेजातून बाहेर पडलेल्या अकरा जणांचा होता. तीन महिने एका मैत्रिणीच्या गच्चीवर तालमी केल्या आणि एका सभागृहाची तारीख घेतली. अनामत भरली, पावती घेतली, हाताने रंगवलेली पत्रके वाटली. प्रयोगाला चार दिवस असताना निरोप आला की त्या दिवशी लग्न ठरले आहे, तुम्ही दुसरा दिवस बघा. अनामत परत मिळाली. पण अकरा जणांनी मिळून सुट्ट्या जुळवल्या होत्या, एक जण पुण्याहून आला होता. तो दिवस पुन्हा जुळला नाही आणि ते नाटक कधीच झाले नाही. त्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही शेवटची तालीम केली. समोर प्रेक्षक म्हणून मैत्रिणीची आजी आणि शेजारच्या दोन काकू होत्या. तेव्हापासून मला वाटत आले आहे की कलावंतासाठी जागेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागेच्या मालकाने पाळलेला शब्द.

हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे नागपूर हे जुने केंद्र आहे. दर वर्षी विदर्भातले गट महिनोन्‌महिने राबून नाटक बसवतात, स्पर्धेच्या दिवशी एक प्रयोग करतात आणि त्यातली कित्येक नाटके तिथेच संपतात. दुसरा प्रयोग करायचा तर भाड्याची रक्कम पाहूनच मन मागे येते. नाटक पिकते ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगात. तो टप्पाच आमच्या गटांच्या वाट्याला येत नाही.

सिनेमाचा जन्म भाड्याच्या खोलीत

छोट्या जागेच्या भाड्याची गोष्ट सिनेमाइतकीच जुनी आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला, तो ग्रँड कॅफे नावाच्या उपाहारगृहाच्या तळघरात. जागेच्या मालकाला त्यांनी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देऊ केला होता. या नव्या खेळावर त्याचा विश्वास बसेना. त्याने हिस्सा नाकारला आणि रोजचे ३० फ्रँक ठोक भाडे मागून घेतले. पहिल्या दिवशी एकेक फ्रँक देऊन ३३ माणसे आली. म्हणजे मालकाचा अंदाज त्या दिवसापुरता बरोबर ठरला. थोड्याच दिवसांत त्या तळघरासमोर रांगा लागल्या आणि त्याचे भाडे मात्र ३० फ्रँकच राहिले.

सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ ला, तोच खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटाने झाला. आठवडाभरात तो नॉव्हेल्टी थिएटरात गेला. ते नाटकाचे थिएटर होते. तिकिटाचे दर चार आण्यांपासून सुरू झाले आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळी व्यवस्था झाली. दर उतरला, जागा ओळखीची झाली, तेव्हा कुठे सिनेमा सामान्य घरांपर्यंत पोहोचला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्या कार्यक्रमातही चित्रपटासोबत नाच आणि कसरतीचे खेळ जोडलेले होते. त्या काळच्या प्रेक्षकाला एकाच छपराखाली पडदा आणि जिवंत माणूस दोन्ही पाहण्याची सवय होती.

म्हणजे आधी सिनेमा नाटकाच्या घरात भाड्याने राहायला आला. पुढे त्याने स्वतःची घरे बांधली, कित्येक ठिकाणी नाटकाचीच घरे घेतली. आता त्याच्या घरात दुपारच्या खेळाला वीस-पंचवीस माणसे बसतात. अशा वेळी नाटकाने, गाण्याने, कवितेने त्याच्या दारात भाड्याने खोली मागितली तर तो जुना शेजारधर्मच होईल.

नागपूरला हा शेजार फळला आहे. साठच्या दशकात महेश एलकुंचवार या शहरात सिनेमाला गेले. तिकीट मिळाले नाही, म्हणून ते जवळच चाललेल्या नाटकाला जाऊन बसले. ते नाटक विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’, दिग्दर्शन विजया मेहतांचे. त्या संध्याकाळी त्यांना आपण नाटक लिहावे असे वाटले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मराठी रंगभूमीला ‘वाडा चिरेबंदी’ देणारा नाटककार एका न मिळालेल्या तिकिटातून निघाला. सिनेमा आणि नाटक चालत जाण्याच्या अंतरावर होते म्हणून हे घडू शकले.

छबिलदासचा वरचा मजला

छोट्या भाड्याच्या जागेने काय होते याचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण दादरचे आहे. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली. १९७४ मध्ये दादर स्थानकाजवळच्या छबिलदास मुलांच्या शाळेतला हॉल त्यांना मिळाला. तो हॉल नाटकासाठी बांधलेला नव्हता. खाली भाजीबाजार, शेजारी रेल्वे, वर जायला शाळेचा जिना. भारी नेपथ्य तिथे चढवता येत नसे, म्हणून नेपथ्य हलके झाले. प्रेक्षक दोन हातांवर बसत, म्हणून अभिनय बारीक झाला. तिकीट स्वस्त होते, म्हणून विद्यार्थी आणि कारकून येऊ लागले.

आविष्कारने ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. इतर प्रायोगिक गटांनाही तिथे प्रयोग करता येत होते. ‘छबिलदास’ हे शाळेचे नाव मराठी रंगभूमीच्या एका चळवळीचे नाव झाले, ते त्यामुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा सुटली आणि आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेला. भाड्याची जागा आज ना उद्या जाते, हेही या गोष्टीत आहे. पण तोपर्यंत एक पिढी घडली होती.

पडद्याच्या बाजूनेही अशीच वाटचाल झाली. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने स्वतःचे थिएटर नसताना ठिकठिकाणचे हॉल घेऊन सभासदांना जगभरचे चित्रपट दाखवले आणि त्यावर मराठीत लिहिण्या-बोलण्याची सवय लावली. लोअर परळचे दीपक टॉकीज हे गिरणगावातले विसाव्या शतकाच्या विशीतले थिएटर. २०१४ मध्ये ते ‘मॅटरडेन’ या नावाने जागतिक सिनेमासाठी उघडले आणि ज्या पडद्यावर गिरणी कामगारांनी सिनेमे पाहिले त्याच पडद्यावर जुने अभिजात चित्रपट लागले.

पुण्याच्या प्रभात टॉकीजकडून मात्र दुसरा धडा घ्यायला हवा. १९३४ पासून ते मराठी चित्रपटाचे माहेर होते. जागा इंदूरच्या किबे घराण्याची, थिएटर भाडेकराराने दामले कुटुंबीयांकडे. ऐंशी वर्षांनी, २०१४ च्या शेवटी, करार संपला आणि जागा मूळ मालकांकडे गेली. तिथे पुन्हा थिएटर सुरू झाले ते किबे लक्ष्मी या नावाने. लोकांच्या मनात एखादी जागा कितीही आपली असली, तरी तिचे भवितव्य कराराच्या कागदावर लिहिलेले असते. म्हणून कलावंतांनी कागद वाचायला शिकले पाहिजे.

सिनेमागृह काय देते, काय देत नाही

नाटकाला किंवा गाण्याला सिनेमागृह घ्यायचे तर त्याचा स्वभाव आधी ओळखावा लागतो. जमीन उताराची असते, त्यामुळे मागच्या रांगेतल्या बुटक्या माणसालाही समोरचे दिसते. भिंतींवर आवाज शोषणारे आवरण असते. त्याने बोललेला शब्द स्वच्छ ऐकू येतो, म्हणून अभिवाचन, कथाकथन, मुलाखत, कवितेचा कार्यक्रम इथे उत्तम रंगतो. हेच आवरण माइकशिवाय गाणाऱ्याला जड जाते. देवळाच्या सभामंडपात किंवा वाड्याच्या चौकात आवाजाला जी गोलाई मिळते ती इथे मिळत नाही. तंबोऱ्याची आस कोरडी वाटते. तेव्हा शास्त्रीय गाण्याच्या बैठकीसाठी वाडा बरा आणि शब्दप्रधान कार्यक्रमासाठी सिनेमागृह बरे, अशी वाटणी करावी.

पडद्याला असंख्य बारीक छिद्रे असतात आणि मुख्य स्पीकर त्याच्या मागे बसवलेले असतात. त्यामुळे पडद्याला हात लावणे, त्यावर बॅनर चिकटवणे, त्याच्याजवळ धूप-उदबत्ती लावणे हे सगळे कटाक्षाने टाळायचे. धुराने पडदा पिवळा पडतो आणि नवा घालायला मोठा खर्च येतो. दीपप्रज्वलन बाहेर, दर्शनी भागात करावे. विंगा नसतात, रंगपट नसतो, दिव्यांसाठी वर दांड्या नसतात. म्हणून दोन उभे स्टँड, चार दिवे आणि पडद्यापुढे सरकता काळा कापडी पडदा एवढी तयारी गटाने सोबत आणावी. नट दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांच्या दारांतून आत-बाहेर करतील असेच नाटक निवडावे. छबिलदासने शिकवलेली काटकसर इथे उपयोगी पडते.

लघुपट दाखवायचे असतील तर आणखी एक काळजी. पूर्वी चित्रपट रिळांच्या पेटीतून येत, आता मोठे चित्रपट संगणकीय रूपात येतात आणि ठरावीक पडद्यासाठी, ठरावीक मुदतीसाठीच उघडतात. आपल्या पोरांचा लघुपट मात्र पेन ड्राइव्हवर येतो. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडण्याची सोय आहे का, आवाज सगळ्या स्पीकरमधून येतो का, मराठी उपशीर्षकांची अक्षरे फुटतात का, हे आदल्या दिवशी ऑपरेटरसोबत बसून पाहावे. भाड्याच्या बोलणीतच या एका तासाच्या चाचणीची वेळ लिहून घ्यावी. ऑपरेटरला कार्यक्रमाचा माणूस मानावे, पत्रिकेत त्याचे नाव छापावे. अंधारात बसून इतरांचा खेळ उजळवणाऱ्या माणसाचे नाव आजवर कोणी छापले नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वातानुकूलनाचा खर्च भाड्याहून जड होतो आणि कूलर लावले तर त्यांच्या घरघरीत संवाद बुडतात. म्हणून आपला मुख्य हंगाम कोजागरीपासून होळीपर्यंत ठेवावा. झाडीपट्टी नाटकांचा हंगामही हाच. देसाईगंज-वडसा परिसरातल्या नाट्यमंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि गावोगावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, रात्रभर नाटक करतात. गावातले मंडळ कंपनीशी रक्कम ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. नफा-तोटा गावाचा असतो. पूर्व विदर्भातल्या गावांना जे पिढ्यान्‌पिढ्या जमते आहे ते महालाला का जमू नये?

ठोक की टक्के?

आता पैशांचे बोलू. समजायला सोपे म्हणून काल्पनिक आकडे घेते. हॉल १२० खुर्च्यांचा, तिकीट १०० रुपये, गटाचा दिवे-पत्रके-चहापाण्याचा खर्च २,००० रुपये. ठोक भाडे ६,००० धरले तर एकूण खर्च ८,०००. ऐंशी माणसे आली तर बरोबरी. चाळीसच आली तर गटाला ४,००० चा खड्डा. कॉलेजातल्या मुलांचा गट असा खड्डा एकदा सोसतो, दुसऱ्यांदा तारीख घेत नाही.

दुसरी रीत पाहा. उत्पन्नाच्या चाळीस टक्के किंवा किमान २,५०० रुपये, यांतले जे जास्त ते हॉलला. चाळीस माणसे आली तर हॉलला २,५००, गटाचा तोटा फक्त ५००. सगळ्या खुर्च्या भरल्या तर हॉलला ४,८०० आणि गटाकडे ५,२०० उरतात. एका दिवसाचा विचार केला तर मालकाला ठोक भाडेच फायद्याचे दिसेल. पण ठोक भाड्यात गट वर्षातून दोनदाच येईल आणि मालकाला १२,००० मिळतील. टक्केवारीत तोच गट दर महिन्याला आला आणि सरासरी सत्तर माणसे बसली, तर महिन्याचे २,८०० प्रमाणे वर्षाचे ३३,६०० होतात. तेही अशा वेळेचे, जेव्हा पडद्यासमोर खुर्च्या रिकाम्या असतात. ग्रँड कॅफेच्या मालकाने जी संधी नाकारली ती हीच होती. नव्या माणसासोबत थोडी जोखीम वाटून घेतली तर जागाही त्याच्यासोबत मोठी होते.

कराची बाजूही या छोट्या कार्यक्रमांना प्रतिकूल नाही. नाटक, नृत्य, संगीत यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. चित्रपटाच्या १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा शंभर रुपये ही रक्कम धरून चालणे सगळ्यांच्या सोयीचे आहे.

परवानग्यांची वही

परवानग्यांना घाबरून अनेक गट मागे सरतात. त्यांची एक वही करून ठेवली तर पहिल्या वेळी जो त्रास होतो तो पुन्हा होत नाही. सिनेमाचा परवाना सिनेमाच्या खेळापुरता असतो. त्याच जागेत नाटक किंवा गाणे करायचे तर पोलिसांकडे कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज वेळेत द्यावा. नाटकाची संहिता जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. जाहीर चित्रपट प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्याचे गीत-संगीत वापरताना हक्कधारकांची परवानगी लागते. मात्र हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे.

एका बाबतीत मात्र कसलीही सवलत मागू नये. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे गेली. बाल्कनीतल्या माणसांना बाहेर पडायची वाट मिळाली नाही. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. तारीख घेताना ते पाहायला मागावे. प्रयोगाआधी गटातल्या एकाने प्रत्येक दार स्वतः उघडून पाहावे. जास्तीच्या खुर्च्या वाटेत टाकू नयेत, हाऊसफुल्ल झाले तर दार बंद करून पुढच्या तारखेचे तिकीट द्यावे. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत अग्निशमन गाडी पोहोचायला वेळ लागतो, हे आपण महालकरांनी विसरू नये.

अंधारात शेजारी बसणे

मार्च २०२० मध्ये करोनामुळे पडदे बंद झाले. मधल्या काही महिन्यांचा अपवाद सोडला तर राज्यातली नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ ला अर्ध्या क्षमतेने पुन्हा उघडली. तोवर घरोघरी प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला होता. एका घरातली चार माणसेसुद्धा चार वेगळ्या गोष्टी पाहू लागली होती.

मग १७ मार्च २०२५ ची रात्र आली. महालात चिटणीस पार्कच्या परिसरात दंगल उसळली, दगड पडले, गाड्या जळल्या आणि जुन्या नागपुरावर संचारबंदी लागली. ज्या गल्ल्यांतून मारबती निघतात त्या काही दिवस ओस होत्या. संचारबंदी उठली, दुकाने उघडली, पण एकमेकांकडे बघताना काहीतरी आखडलेले राहिले.

नाटक-सिनेमाने दंगली थांबतात, असे मी म्हणणार नाही. पण एवढे मला ठाऊक आहे की जुन्या टॉकीजमध्ये तिकीट काढताना मागच्या माणसाचे आडनाव कोणी विचारत नसे. दिवे मालवले की शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस आपल्याच वेळी हसायचा, आपल्याच वेळी नाक पुसायचा. इंटरव्हलला एकाच हातगाडीवर सगळे शेंगदाणे घ्यायचे. दोन अनोळखी माणसांना तीन तास एका गोष्टीसाठी एकत्र बसवणारी जागा वस्तीत असणे, ही वस्तीची गरज आहे. पाण्याच्या टाकीइतकी, शाळेइतकी. चितार ओळीतला मूर्तिकार आपल्या कामाबद्दल बोलतो आहे, मोमिनपुऱ्यातला कव्वाल गातो आहे, शेजारच्या शाळेतली मुले मारबतीवर केलेला लघुपट दाखवत आहेत आणि हे सगळे एकाच संध्याकाळी एकाच खोलीत चालले आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे.

जागा कुठून येणार, हा प्रश्न उरतो. सिनेमागृह पाडून नवी इमारत बांधताना तिच्यात काही आसनांचे सिनेमागृह ठेवण्याची अट राज्यात आहे. ती काढून टाकावी अशी मालकांची जुनी मागणी आहे आणि त्यांच्या तोट्याचा हिशेब खोटा नाही. पण त्या थोड्या आसनांना आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या गटांनी भाडे दिले, तर ती अट ओझे वाटण्याचे कारण कमी होईल. महालातल्या नगरभवनात एके काळी महापालिकेच्या सभा भरत. अशा सार्वजनिक वास्तूंमध्येही एक छोटी, पडदा असलेली खोली वस्तीसाठी राखता येईल. मोठी इमारत बांधून होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. आविष्कारची चळवळ शाळेच्या हॉलमध्ये उभी राहिली, तशी इथे एखाद्या शाळेचा हॉल आणि पांढरा पडदा घेऊन सुरुवात करता येईल. अट एकच, तारीख पक्की हवी. महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार. लग्न आले तरी, पाहुणा मंत्री आला तरी तो हलणार नाही, असे मालकाने लिहून द्यावे. चार माणसे आली तरी प्रयोग होईल, असे गटांनी लिहून द्यावे.

असे वर्षभर चालले की लोकांना जाहिरात लागत नाही. दुसरा शनिवार जवळ आला की पाय आपोआप तिकडे वळतात. माझ्या मैत्रिणीची आजी आता नाही. गच्चीवरच्या त्या तालमीनंतर तिने विचारले होते की पुढचं नाटक कधी आहे. आमच्याजवळ सांगायला तारीख नव्हती.

महालातले रिक्षावाले टॉकीजची नावे अजून विसरलेले नाहीत. एखाद्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी बडकस चौकातून जाताना, रिक्षावाल्याने मागे वळून मला विचारावे, “बाई, आज काय लागलंय?” आणि माझ्याजवळ उत्तर असावे.